कंबरदुखीला व्यायाम कोणता? पुढं वाकायचं, मागं वाकायचं की नुसतं चालायचं?

लातूरचा मास्तर

चार वर्षं झाली, कंबर काही सुटत नाही. शिकवणी वर्गात रोज सहा-सात तास उभं राहून फळ्यावर लिहितो. संध्याकाळी बूट काढायला खाली वाकलो की डोळ्यांत पाणी येतं. आजवर तीन फिजिओथेरपिस्ट झाले. पहिल्यानं उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यायला सांगितले. दुसऱ्यानं ते ऐकलं आणि म्हणाला, पुढं वाकणं आजपासून बंद, पालथं झोपा आणि हातांवर छाती उचला. तिसरीकडं कळलं की हे दोन्ही सोडून पोट आत ओढून धरायला शिकायचं, कारण माझा कोअर, म्हणजे पोट-कंबरेचे आतले स्नायू, कमजोर आहे. तिघंही शिकलेले, तिघांनीही मनापासून सांगितलं. मग मी करायचं काय?

म्हणून स्वतःच वाचायला बसलो. पुढं वाकायचे व्यायाम पॉल विल्यम्स या अमेरिकन सर्जननं 1937 च्या सुमारास मांडले. मागं वाकण्याची गोष्ट 1956 ची, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनची. रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर चुकून पालथा झोपून राहिला आणि उठला तेव्हा पायातली कळ गेलेली होती. कोअरचं बीज 1996 मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठात पडलं. कंबर दुखणारा माणूस हात उचलतो तेव्हा त्याच्या पोटाचा आतला स्नायू उशिरा जागा होतो, असं पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांना दिसलं.

प्रत्येकाकडं आपापलं कारण आहे. पण 2021 मध्ये वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं जुनाट कंबरदुखीवरचे 249 प्रयोग एकत्र तपासले. काहीच न करणाऱ्यांच्या किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं 100 पैकी साधारण 15 गुणांनी कमी झालं. यावरून माझं मत असं झालंय की प्रकारावरून भांडणं सोडावं. जो व्यायाम रोज होतो तोच खरा. मी आता पहाटे औसा रोडनं अर्धा तास चालतो, बाकी सगळं बंद. सात महिन्यांत गोळी दोनदाच घ्यावी लागली.

परभणीची फिजिओ

सर, तुम्हाला बरं वाटतंय याचा आनंद आहे, पण तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही.

तो 15 चा आकडा सरासरीचा आहे. सरासरीत ज्याला 40 गुणांचा फायदा झाला तोही असतो आणि ज्याचं दुखणं वाढलं तोही असतो. आणि कॉक्रेनचा तो आढावा करणाऱ्या चमूनंच त्याच वर्षी प्रकारांची आपसांत तुलना केली, तेव्हा पिलाटीस (पोट-कंबर बळकट करणारे संथ व्यायाम) आणि मॅकेन्झीची पद्धत इतरांपेक्षा वर निघाले. फरक फार मोठा नाही, पण आहे. 'सगळे सारखेच' असं तिथं कुठंच लिहिलेलं नाही.

माझ्याकडं रोज येणारी माणसं पाहा. कापूस वेचून, खुरपून आलेली बाई म्हणते, कळ ढुंगणातून पोटरीपर्यंत जाते. तिला मी आधी पालथं झोपवते. दहा वेळा छाती उचलल्यावर कळ पोटरीतून वर सरकून कंबरेत गोळा झाली, तर आपली दिशा बरोबर. कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, पाय मोकळा झाला पाहिजे. उलट कळ टाचेकडं उतरायला लागली तर तो व्यायाम तिथंच थांबवायचा. याच बाईला 'काहीही करा, रोज करा' म्हणून कुणी गुडघे छातीशी घ्यायला लावले तर ती आठ दिवसांत अंथरुणाला खिळू शकते. दुसरीकडं साठी ओलांडलेले आजोबा येतात. उभं राहिलं, चाललं की त्यांचे पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं. मणक्यातली नळी अरुंद झालेली असते. त्यांना मागं वाकवणं म्हणजे त्रास वाढवणं. आणि सर, अशा माणसाला तुमचा अर्धा तासही झेपत नाही.

गेवराईकर

मी जरा वेगळं बोलतो. माझे माय-बाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगंमागं टोळी निघते, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. दोघं मिळून एक कोयता. बुडातून ऊस तोडायचा म्हणजे दिवसभर वाकून, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आईची कंबर सहा वर्षांपासून गेलीय.

तुम्ही दोघं जे लिहायलात ते खरं असंल. पण माझ्या मायला 'रोज अर्धा तास चाला' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उचल घेतलेली असती, खाडा केला की मुकादम पैसे कापतो. आधी कामाचं ओझं कमी करा, मग व्यायामाचं बोला. दुखणं शरीरात नाही, कामात आहे.

काळी माती

गेवराईकरांच्या दुसऱ्या बाजूनं बोलतो. आमच्या आज्यानं जन्मभर औत हाकलं, त्यांना कुठला व्यायाम लागला नाही. शेतात राबणाऱ्याला कसला व्यायाम शिकवता? कंबर धरली की पट्टा बांधावा, शेक द्यावा, चार दिवस पडून राहावं. मी तेच करतो. एमआरआयमध्ये दोन मणक्यांत गॅप निघालाय, आता तो चालून भरून येणार आहे का?

परभणीची फिजिओ

काका, गॅपची भीती आधी मनातून काढा. 2015 मध्ये, ज्यांना कंबरदुखी नव्हती अशा तीन हजारांवर माणसांच्या मणक्यांचे फोटो एकत्र पाहिले गेले. विशीतल्या 30 टक्के लोकांची मणक्यांमधली गादी फुगलेली होती आणि पन्नाशीत 60 टक्के. धडधाकट माणसांची! फोटोत दिसतं ते केस पिकण्यासारखं असतं, ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन दिलं, त्यात पट्टा आणि वजन लावून ताणणं हे दोन्ही नेहमीच्या उपचारात नको असं म्हटलंय. व्यायाम आणि दुखण्याची नीट समजूत या दोन्हींची शिफारस आहे.

'कष्ट म्हणजेच व्यायाम' हे रोज ऐकते, म्हणून सविस्तर सांगते. खुरपताना कंबर एकाच दिशेला वाकते, हजार वेळा, आणि थकल्यावर थांबायची मुभा नसते. व्यायामात वजन आपण ठरवतो, विसावा आपण ठरवतो, दर आठवड्याला थोडं वाढवतो. कामानं ताकद खर्च होते, ती भरून यायला वेळ मिळाला तरच शरीर घट्ट होतं. गेवराईकर दादा, तुमच्या आईंचं दुखणं कामात आहे हे खरंच आहे. पण काम सुटणार नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. मग दर तासाला उभं राहून हात कंबरेवर ठेवायचे आणि चार-पाच वेळा मागं झुकायचं, एवढं फडात करता येतं का? एक मिनिटही लागत नाही.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल लुळं पडलं, किंवा ताप येऊन वजन उतरायला लागलं, तर कुठलाही व्यायाम नको, त्याच दिवशी दवाखाना. मणक्याचा क्षय आपल्या भागात अजून सापडतो.

योगवर्ग नांदेड

ज्याला मॅकेन्झी म्हणताय ते आमचं भुजंगासन, विल्यम्स म्हणजे पवनमुक्तासन, आणि कोअरसाठी सेतुबंधासन आहेच. नावं बाजूला ठेवा. 2017 मध्ये बोस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या 320 जणांवर प्रयोग झाला. बारा आठवडे योग करणारे फिजिओथेरपी घेणाऱ्यांच्या मागं पडले नाहीत. गावात फिजिओ नाही, पण समाजमंदिरात सतरंजी टाकली की वीस बायका येतात. एकटीनं घरी केलेला व्यायाम महिन्याभरात सुटतो, वर्गातला टिकतो. मी मास्तरांच्या बाजूनं आहे.

परभणीची फिजिओ

टिकण्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण भुजंगासन वीस जणींना एकदम देताना कुणाची कळ खाली उतरतेय हे विचारता का? मॅकेन्झीत आसनापेक्षा ते विचारणं मोठं आहे.

योगवर्ग नांदेड

आजवर विचारत नव्हतो. उद्यापासून विचारीन.

लातूरचा मास्तर

मॅडम, पायातल्या कळेबद्दल मी हार मानतो. माझी कळ कधी गुडघ्याखाली गेली नाही, त्यामुळं मी स्वतःवरून सगळ्यांना मापलं. पण चालण्याचा मुद्दा सोडणार नाही. 2024 मध्ये सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठानं 701 जणांवर प्रयोग केला. चालणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला मधला माणूस धरला तर 208 दिवस लागले, न चालणाऱ्यांची 112 दिवसांतच धरली. पैसा नाही, मशीन नाही.

परभणीची फिजिओ

तो प्रयोग मलाही आवडतो, पण त्यातली माणसं नुकतीच बरी झालेली होती. दुखणं परत येऊ नये म्हणून चालणं, हे सिद्ध झालं. दुखत असताना आधी दिशा शोधायची, कळ वर आणायची, मग ताकद वाढवायची आणि मग जन्मभर चालायचं. तुमचं चालणं माझ्या यादीत आहेच सर, फक्त शेवटी आहे. आणि त्या लोकांनाही सुरुवातीला फिजिओथेरपिस्टनं भेटून किती चालायचं ते ठरवून दिलं होतं.

गेवराईकर

मॅडम, फडात उभं राहून मागं झुकणं होईल, मी बोलतो आईशी. पण तिची कळ पोटरीपर्यंत जाती, मांडीच्या मागून. तुम्ही त्या कापूसवाल्या बाईचं लिहिलंय तसंच. टोळी निघायला अजून वीस दिवस आहेत. परभणीला आणणं जमणार नाही, एक दिवसाची मजुरी बुडती.

परभणीची फिजिओ

आणू नका. व्हिडिओ कॉल लावा. घोंगडीवर पालथं झोपवा, मोबाईल बाजूला ठेवा. दहा वेळा छाती उचलायला लावीन आणि प्रत्येक वेळी कळ वर गेली की खाली, एवढंच विचारीन. त्याआधी त्यांना टाचांवर दहा पावलं चालायला लावून पाहा, पाऊल घसरत तर नाही ना. घसरत असेल तर मजुरी बुडाली तरी आधी डॉक्टरांना दाखवा.

गेवराईकर

आई आत्ता सोयाबीन काढायला गेलीय. दिवस मावळल्यावर येती. तवा लावतो.