फेविकॉन थेट साइटवरून आणावा की आयत्या सेवेकडून?

सह्यकडा

विंडोजवरचा बुकमार्क किंवा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम घ्या. यादीत प्रत्येक नोंदीच्या डावीकडे त्या साइटचा छोटा आयकॉन, म्हणजे फेविकॉन, हवा. सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत हे कसं करायचं असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: गूगलच्या एस-२ फेविकॉन पत्त्याला किंवा डकडकगोच्या आयकॉन सर्व्हरला डोमेनचं नाव जोडा, चित्र उतरवून घ्या, झालं.

माझा याला विरोध आहे. समजा यादीत ३०० नोंदी आहेत. प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की ३०० डोमेनची नावं एकाच आयपी पत्त्यावरून, एकाच तिऱ्हाइताकडे, मिनिटाच्या आत पोचतात. बँक कुठली, दवाखाना कुठला, ऑफिसच्या आतल्या सर्व्हरचं नाव काय, सगळं त्यात आलं. वापरणाऱ्याला हे कुणी विचारलेलंच नसतं. आयकॉन त्या त्या साइटवरूनच आणावा. आयती सेवा द्यायची तर वेगळा पर्याय म्हणून द्यावी, आणि तो पर्याय सुरुवातीला बंद असावा.

बिटमॅप

थेट आणायचं म्हणजे किती काम, तेही मोजा. डोमेनच्या मुळाशी फेविकॉन डॉट आयसीओ शोधायची पद्धत इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने १९९९ मध्ये पाडली. ती अजून चालते, पण तेवढ्यावर भागत नाही. आधी पान उतरवा, हेडमधले लिंक टॅग वाचा. त्यांच्या रेल या गुणधर्मात कुठे ‘आयकॉन’, कुठे ‘शॉर्टकट आयकॉन’, कुठे नुसता ‘ॲपल-टच-आयकॉन’. पत्ता सापेक्ष असतो, आणि पानात बेस टॅग असेल तर तो त्याच्या आधाराने सोडवावा लागतो. काही पत्ते नुसत्या दोन तिरप्या रेघांनी सुरू होतात, काही ठिकाणी पत्त्याच्या जागी डेटा यूआरआय म्हणून अख्खं चित्रच भरलेलं असतं. एवढं करून हाती एसव्हीजी (रेघांच्या वर्णनातून बनणारं चित्र) आलं, तर ते विंडोज फॉर्म्सलाही वाचता येत नाही आणि डब्ल्यूपीएफलाही, म्हणजे सी शार्पमधून खिडक्या बनवायच्या दोन्ही नेहमीच्या साधनांना. मग आणखी एक लायब्ररी आली.

सेवेला आकार सांगितला की तयार पीएनजी मिळतं. दोघातिघांच्या टीमने यावर वेळ का घालवावा?

आणि थेट आणल्याने गुपित राहतं हेही पूर्ण खरं नाही. ३०० साइटना तुमचा आयपी कळतो, आणि डीएनएस (डोमेनच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा) चालवणाऱ्याला अख्खी यादी दिसते.

सह्यकडा

डीएनएसचं बरोबर आहे, ते मान्य. पण डीएनएसवाला तुम्ही रोज वापरता तोच असतो. सेवेमुळे आणखी एकाच्या हाती यादी जाते. आणि साइटला तुमचा आयपी त्या साइटवर खातं उघडलं तेव्हाच कळलेला असतो.

हा आक्षेप नवा नाही. डकडकगोच्या अँड्रॉइड ब्राउझरबद्दल जुलै २०२० मध्ये नेमका हाच वाद झाला. आयकॉनसाठी भेट दिलेल्या साइटचं डोमेन त्यांच्या सर्व्हरकडे जात होतं. आम्ही नोंद ठेवत नाही असं कंपनीने सांगितलं, तरीही पद्धत बदलायचं कबूल केलं. ब्राउझरला जे लागू, ते पासवर्डच्या प्रोग्रॅमला दुपटीने लागू.

कामाचं म्हणाल तर क्रम ठरवला की ते आवाक्यात येतं. पानाचे पहिले ६४ केबी वाचून थांबा. लिंक टॅग बहुधा तेवढ्यात सापडतात, नाही सापडले तर मुळाशी फेविकॉन डॉट आयसीओ मागा. आयकॉनला १ एमबीची मर्यादा घाला. साइटने दिलेला आयकॉनचा पत्ता १९२.१६८ सारख्या घरच्या नेटवर्कचा असेल आणि नोंद बाहेरच्या साइटची असेल, तर तो नाकारा. विनंतीत युजर-एजंट, म्हणजे विनंती कोणता प्रोग्रॅम करतोय ते सांगणारी ओळ, भरा. वेबला विनंती करणारा डॉटनेटचा क्लास, एचटीटीपीक्लायंट, आपणहून तो पाठवत नाही आणि बऱ्याच साइट त्यावरून ४०३, म्हणजे नकार, देतात. डॉटनेट कोअरपासून हा क्लायंट एचटीटीपीएसवरून साध्या एचटीटीपीकडे जाणारं रीडायरेक्ट स्वतः पाळत नाही. ते तसंच राहू द्या.

रेघोटी

दोघंही आयकॉन कुठून आणायचा यावर भांडताय. प्रोग्रॅम अडकतो तो बाइट हाती आल्यावर, आणि तिथे दोन्ही मार्ग सारखेच. थोडं सविस्तर लिहितो, कारण याच चुका पुन्हापुन्हा दिसतात.

फॉर्म लोड होताना त्याच थ्रेडवर डाउनलोड केलं की खिडकी गोठते. एचटीटीपीक्लायंटचा मूळ टाइमआउट १०० सेकंदांचा आहे, म्हणजे एक मेलेली साइट पावणेदोन मिनिटं खाते. ५ ते ८ सेकंद पुरे. असिंक (न थांबता चालणारा) कोड लिहून पुढे डॉट रिझल्ट लावू नका: यूआय थ्रेड, म्हणजे खिडकी चालवणारा थ्रेड, उत्तराची वाट बघत बसतो आणि उत्तर यूआय थ्रेड मोकळा व्हायची, दोघेही तिथेच. क्लायंट अख्ख्या प्रोग्रॅमसाठी एकच ठेवा, आणि सेमाफोरस्लिम लावून एका वेळी सहाच विनंत्या सोडा.

आलं ते चित्रच आहे का, हे एक्स्टेंशनवरून किंवा २०० या स्टेटसवरून ठरवू नका. ‘पान सापडले नाही’ असं सांगणारं एचटीएमएल २०० लावून पाठवणाऱ्या साइट भरपूर आहेत. पहिले बाइट बघा. आयसीओ ०० ०० ०१ ०० ने सुरू होतं, पीएनजी ८९ ५० ४ई ४७ ने. आयसीओ नावाच्या फाइलमध्ये सरळ पीएनजी असणं तर नेहमीचं. पीएनजीत (शून्यापासून मोजून) १६ व्या बाइटपासून चार बाइट रुंदी आणि पुढचे चार उंची. डीकोड करण्याआधी ते वाचा, कारण काही केबींची फाइल उलगडल्यावर शेकडो एमबी मेमरी मागू शकते.

आयसीओत सहा बाइटचं हेडर, मग प्रत्येक चित्रामागे १६ बाइटची नोंद. नोंदीत रुंदी ० लिहिली असेल तर तिचा अर्थ २५६. इथे बरेच जण ते चित्र रिकामं समजून गाळतात आणि १६ पिक्सेलचं ताणून धूसर करतात. स्क्रीन १५० टक्क्यांवर असेल तर १६ च्या जागेला २४ लागतात. तेवढं किंवा त्याहून लगेच मोठं चित्र निवडा आणि लहान करा.

विंडोज फॉर्म्समध्ये मेमरीस्ट्रीमवरून बिटमॅप बनवून लगेच स्ट्रीम बंद केला, तर पुढे कधीतरी जीडीआय प्लसची (विंडोजच्या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीची) मोघम एरर येते. ते चित्र जिवंत असेपर्यंत स्ट्रीम उघडा लागतो. उपाय: त्यावरून नव्या बिटमॅपवर प्रत काढा, मग दोन्ही बंद करा. गेटएचआयकॉनने घेतलेलं हँडल डिस्ट्रॉयआयकॉनने सोडा, नाहीतर प्रोसेसला मिळणारी १०,००० हँडलची मर्यादा दिवसभरात गाठली जाते. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये इमेजलिस्टची रंगखोली मुळात ८ बिटची असते. आयकॉनच्या कडा काळपट, करवतीसारख्या दिसल्या तर डाउनलोड कोडला दोष देण्याआधी ती ३२ बिट करून बघा. डब्ल्यूपीएफमध्ये कॅशऑप्शन ऑनलोड आणि दुसऱ्या थ्रेडवर बनवलेल्या चित्राला फ्रीझ, हे दोन विसरू नका.

आणि आयकॉन ओळीच्या क्रमांकाला बांधू नका, डोमेनला बांधा. यादी सरकली की उशिरा आलेला आयकॉन भलत्याच नोंदीला चिकटतो.

बिटमॅप

रेघोटी, बाइट तपासण्याचा मुद्दा सेवेलाही लागू, हे बरोबर. पासवर्डच्या प्रोग्रॅमपुरता मी मागे येतो. पण बातम्यांचे फीड वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डोमेन आधीच जगजाहीर असतात, तिथे सेवा चालावी असं माझं मत कायम आहे. नाहीतर बिटवॉर्डनसारखं स्वतःचा आयकॉन सर्व्हर ठेवा आणि वापरणाऱ्याला तो बंद करता येऊ द्या.

सह्यकडा

फीडच्या यादीवरूनही माणसाचं राजकारण आणि आजारपण कळतं. डोमेन जगजाहीर असतात, ती कोण वाचतं ते जगजाहीर नसतं. स्वतःचा सर्व्हर मात्र चालेल, जबाबदार कोण ते तरी माहीत असतं. दोन्ही मार्गांत कॅश हवीच: ईटॅग (सर्व्हरने दिलेली आवृत्तीची खूण) साठवा, पुढच्या वेळी ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, आलं की काम संपलं. ‘आयकॉन नाही’ हे उत्तरही सात दिवस साठवा, नाहीतर प्रत्येक वेळी प्रोग्रॅम उघडला की त्याच बंद साइटची दारं पुन्हा ठोठावली जातात.

नदीकाठ

मुळात नेटवर जायचंच कशाला? रंगीत चौकोनात नावाचं पहिलं अक्षर काढा. रंग डोमेनच्या हॅशवरून, म्हणजे नावातून काढलेल्या ठरावीक आकड्यावरून, ठरवा, म्हणजे तो दर वेळी तोच राहील.

रेघोटी

आयकॉन येईपर्यंतची जागा म्हणून उत्तम. फक्त पहिलं अक्षर स्ट्रिंगच्या शून्याव्या स्थानावरून घेऊ नका. ‘किल्ले’मधून नुसता ‘क’ येतो. डॉटनेटच्या स्ट्रिंगइन्फो क्लासकडून टेक्स्ट एलिमेंट (वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर) घेतलं की ‘कि’ नीट मिळतं. जोडाक्षराला तेही पुरेल असं नाही: ‘क्षेत्र’चा पाय मोडका ‘क्’ हाती येऊ शकतो. तुकड्याच्या शेवटी हलन्त, म्हणजे युनिकोडमधला ०९४डी, दिसला तर पुढचा तुकडाही जोडून घ्या. आणि नोंद .भारतवरच्या देवनागरी डोमेनची असेल तर कॅशची किल्ली आयडीएनहोस्टवरून बनवा, नाहीतर एकाच साइटचे दोन आयकॉन साठतील, एक देवनागरी नावाखाली आणि एक पनीकोडखाली (त्याच नावाच्या इंग्रजी अक्षरांतल्या रूपाखाली).