भाडं ५ तारखेचं, जमा झालं ७ ला, उशीर कुणाचा?

जुळे_सोलापूरकर:
जुळे सोलापुरात भाड्यानं राहतो, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. करारात 'दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत' असं आहे, म्हणून बँकेत ५ तारखेचं स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे पाठवायची सूचना, लावून ठेवलंय. गेल्या महिन्यात ५ ला रविवार आला. पैसे सोमवारी कापले गेले आणि घरमालक काकांच्या सहकारी बँकेत मंगळवारी जमा झाले. काका माणूस चांगला, गड्ड्याच्या यात्रेत आमच्या पोराला पाळण्यात बसवून आणणारा. पण पासबुकात छापलेली तारीख तीच खरी म्हणतात, आणि उशिराचे २०० रुपये मागतात. पैशाचं काही नाही हो, पण भाडं थकवणारा म्हणून नाव नको. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, आता रविवारी पण चालते ना?

निवृत्त_कॅशियर:
चालते. १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीलाही. दर अर्ध्या तासाला एक बॅच, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा पुढे जातो. पण तुमची सूचना त्या बॅचमध्ये आधी तुमच्या बँकेनं टाकायला हवी. सुट्टी आली की स्टँडिंग इन्स्ट्रक्शन पुढच्या कामाच्या दिवशी सोडायचं, असं बऱ्याच बँकांत असतं. अर्जाच्या मागच्या बारीक अटींत ते लिहिलेलं सापडेल. म्हणजे रविवार ते सोमवार हा उशीर काकांच्या माथी मारता येणार नाही.

सोमवार ते मंगळवार मात्र तुमचा नाही. लहान सहकारी बँका बहुतेक मोठ्या बँकेमार्फत एनईएफटीला जोडलेल्या असतात, तिथून पुढे खात्यात पडायला कधी कधी वेळ लागतो. नियम असा की खात्यात जमा करता येत नसेल तर बॅच मिटल्यापासून २ तासांत पैसे परत पाठवायचे. दिरंगाई झाली तर बँकेनं रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) अधिक २ टक्के व्याज द्यायचं. स्टेटमेंटमधला यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) घेऊन काकांसोबत त्यांच्या शाखेत जा. पैसे कधी आले ते त्यावरून तिथं कळतं. फोनवर वाद घालत बसू नका, कागद समोर असला की माणूस ऐकतो.

आणि सूचना २ तारखेची करून घ्या. पगार १ ला होत असेल तर अडचण नाही.

विजापूर_रोड_ताई:
मी घरमालकीण आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. आमचं घराच्या कर्जाचं हप्त्याचं गणित भाड्यावर बसलेलं असतं, दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी जीव टांगणीला लागतो. काका उगाच ताणत नसतील. यूपीआयवर पाठवत असाल तर पैसे कापले जाऊन 'पेंडिंग' दिसलं की लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका, पहिलेही नंतर पोचू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे समोरच्याला मिळाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेकडून.

जुळे_सोलापूरकर:
काकांना घेऊन शाखेत जाऊन आलो. पैसे सोमवारी दुपारीच त्यांच्या बँकेकडे आले होते, खात्यात दुसऱ्या दिवशी टाकले. काका तिथंच म्हणाले, 'ते २०० राहू द्या.' जुनी सूचना रद्द करून २ तारखेची नवी लावली. करार नवा करताना पैसे खात्यातून निघाल्याची तारीख धरायची, असं दोघांनी ठरवलंय.