पटतं, पण उतरत नाही : विचारनोंदीतून तळाची समजूत कशी काढायची?

अर्धाकप :

समुपदेशनाच्या वर्गात वापरतात तो सात रकान्यांचा थॉट रेकॉर्ड (विचारनोंदीचा तक्ता) इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. सरावासाठी बनवलेला एक नमुना देते, अडचण त्यातच दिसेल.

प्रसंग : शुक्रवार, संध्याकाळी ५.४०. साहेबांचा मेसेज, "सोमवारी येऊन भेटा."
भावना : काहीतरी चुकलंय असं वाटलं. भीती ८५ (शंभरपैकी).
विचार : आता काय होणार?
बाजूचा पुरावा : मार्चच्या अहवालात एक बेरीज चुकली होती.
विरुद्ध पुरावा : त्यानंतरचे तीन अहवाल एकही शेरा न येता पुढे गेले. साहेब सगळ्यांनाच असे तुटक मेसेज करतात.
पर्यायी विचार : भेटा म्हटलं म्हणजे चुकलंच असेल असं नाही.
आता भीती : ८०.

सगळं लिहून उतरले फक्त पाच. पर्यायी विचार खोटा नाही, भरणाऱ्याला तो पटतोही. म्हणजे भीतीला पोसणारी समजूत या तक्त्यात आलेलीच नाही. ती वर काढायची नेमकी रीत काय? कुठे थांबायचं? सापडली हे कशावरून ओळखायचं? 'सकारात्मक राहा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

दगडीजिना :

अर्धाकपताई, तक्त्यात खोट नाही, भरण्यात आहे. तीन जागा दाखवतो.

पहिली जागा 'वाटलं' या शब्दाची. मराठीत 'वाटणं' दोन्हीकडे चालतं : "मला वाईट वाटलं" ही भावना, "तो मला टाळतोय असं वाटलं" हा विचार. बोलताना काही अडत नाही, पण तक्त्यात घोळ होतो. तुमच्या नमुन्यात "काहीतरी चुकलंय असं वाटलं" हे भावनेच्या रकान्यात बसलंय. आहे तो निखळ विचार, आणि तिथे बसल्यामुळे त्याची तपासणीच झाली नाही. भावनेच्या रकान्यात एकाच शब्दाला जागा द्यायची : भीती, राग, लाज, दुःख, अपराधीपणा, मत्सर. 'असं' किंवा 'की' लिहावं लागलं तर ते वाक्य उचलून पुढच्या रकान्यात न्या.

दुसरी जागा : विचाराच्या रकान्यात प्रश्न लिहिलाय. "आता काय होणार?" याला पुरावा कसला देणार? प्रश्न खराही नसतो, खोटाही नसतो. भीती प्रश्नाच्या रूपात आली की ती तपासता येत नाही, आणि म्हणूनच ती टिकते. "लोक काय म्हणतील?" हे त्याचं सगळ्यात जुनं उदाहरण. त्याचं उत्तर कागदावर लिहायला लावलं की दहातले आठ जण आधी गप्प होतात, कारण ते वाक्य आजवर कधी पूर्ण केलेलंच नसतं. तेव्हा प्रश्न विधानात बदला : "सोमवारी साहेब सगळ्यांसमोर माझी चूक काढतील."

तिसरी जागा महत्त्वाची. पुरावा आणि पर्यायी विचार 'चूक झालीय का' या मुद्द्यावर भांडताहेत. भीती त्या मुद्द्याची नाहीच. भीती आहे 'चूक झाली असेल तर त्याचा अर्थ काय' याची. विचार तपासून भावना बदलणाऱ्या उपचारांचे दोन प्रणेते, ॲरन बेक आणि अल्बर्ट एलिस, या दोघांच्या पद्धतींतला कामाचा फरक इथे दिसतो. दोघंही मुळात मनोविश्लेषणातले, दोघांनीही ते सोडलं. बेक यांची पद्धत बहुधा आधी अंदाज तपासते : हे खरंच घडलंय का? १९५५ पासून स्वतःची पद्धत मांडणारे एलिस उलट म्हणतात : धरून चाला की घडलंय. मग? तुमच्यासारख्या ८५ ला मी दुसरा रस्ता घेतो.

रीत अशी. वरच्या विधानाखाली खालच्या दिशेने बाण काढायचा आणि विचारायचं : "समजा हे खरं आहे. मग त्यात माझ्या दृष्टीनं सगळ्यात वाईट काय?" उत्तर लिहायचं, पुन्हा बाण.

साहेब सगळ्यांसमोर चूक काढतील.
↓ ऑफिसात कळेल की माझं काम कच्चं आहे.
↓ मला इतकी वर्षं धकवून नेलं असं ठरेल.
↓ म्हणजे मी मुळातच बिनकामाचा.

साधारण चार ते सहा बाणांत तळ येतो. खुणा अशा : वाक्यातून वार, तारीख, ऑफिस, साहेब गळून पडतात आणि उरतं ते 'मी', 'लोक' किंवा 'जग' यांच्याबद्दलचं सरसकट विधान. पुढचा बाण काढला की तेच वाक्य शब्द बदलून परत येतं. आणि बऱ्याचदा बोलणाऱ्याचा आवाज बसतो किंवा कंठ दाटून येतो. ही तिसरी खूण कागदावर उमटत नाही, म्हणून शक्यतो हे दुसऱ्या कुणासमोर मोठ्यानं बोलत करावं.

बिघडतं कुठे? 'का?' विचारलं की बिघडतं. "का वाटतं असं?" याला माणूस कारणं देतो, स्पष्टीकरणं देतो, वडिलांपर्यंत जातो, पण खाली जात नाही. दुसरं, काही जण घटनांची माळ लावतात : नोकरी जाईल, घराचा हप्ता थकेल, मुलाची फी राहील. ही साखळी आडवी पळते. तिला "आणि याचा तुमच्याबद्दल अर्थ काय?" असं विचारून पुन्हा उभी करायची. तिसरं, "मग मला खूप वाईट वाटेल" इथे थांबणं. तो तळ नाही, पायरी आहे. त्याच्याखाली अजून एक बाण काढा.

आता मराठी माणसाला फुकट मिळालेलं एक हत्यार. एलिस म्हणतात की त्रासदायक भावनेच्या मुळाशी इच्छा नसते, हट्ट असतो. इंग्रजीत तो ओळखायला वेगळं क्रियापद शोधावं लागतं. आपल्याकडे तो एका अक्षरात बसतो : च. "चूक होऊ नये" ही इच्छा. "चूक होताच कामा नये" हा हुकूम. वाक्यातून च काढा, वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचा आणि लगेच भीतीचा आकडा लिहा. आकडा हलला तर च खरा होता. अर्थात प्रत्येक च हट्टाचा नसतो. "सोमवारीच भेटू" मधला च बिचारा नुसता नेमकेपणाचा आहे. आणि अस्सल हट्ट कधी कधी च न वापरता येतो : "शोभतं का हे?", "आपल्यात असं नसतं", "एवढं तर कळायला हवं". त्यांना आधी विधान करून घ्या, मग च आपोआप दिसतो.

पाऊणगाव :

याला अबोध पूर्वग्रह मोजणाऱ्या ऑनलाइन चाचण्या आहेत की. दहा मिनिटांत आकडा येतो. एवढे बाण कशाला?

मृगजळ७ :

पाऊणगाव, तुम्ही म्हणताय ती चाचणी १९९८ साली ग्रीनवॉल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडली. शब्द आणि चित्रं दोन कळांवर पटापट वाटायची आणि वेळ मोजायचा. त्यात मोजला जातो तो दोन कल्पनांमधला सहजसंबंध. 'मी बिनकामाचा' सारखं पूर्ण वाक्य त्यात येत नाही. शिवाय त्याच माणसानं काही दिवसांनी पुन्हा दिली तर गुण बरेच बदलतात, त्यामुळे समूहाच्या अभ्यासाला ठीक, एका माणसाचं निदान करायला नाही. दगडीजिना सांगताहेत त्या समजुती तशा अबोध नाहीतच. विचारल्या तर सापडतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

मला दगडीजिनांच्या उत्तरात एक भर घालायची आहे, ती पुराव्याच्या रकान्याबद्दल. तो रकाना भीतीच भरते, हे लक्षात घेतलं जात नाही. मनःस्थितीशी जुळणाऱ्या आठवणी आधी वर येतात. गॉर्डन बोवर यांनी १९८१ मध्ये हे नीट मांडलं. नंतरच्या प्रयोगांत परिणाम कमीजास्त दिसला, पण तक्ता भरणाऱ्याला तो रोज दिसतो. मार्चमधली एक बेरीज लगेच आठवली आणि नंतरचे तीन अहवाल मागाहून, हा क्रमच बघा. म्हणून भीती ६० च्या वर असेल तर विरुद्ध पुरावा आठवणीतून लिहायचाच नाही. पाठवलेल्या मेलचा फोल्डर उघडायचा, शेवटचे दहा अहवाल मोजायचे, किती परत आले ते लिहायचं. आठवणीतला पुरावा आणि मोजलेला पुरावा यांत फरक पडला तर तो स्वतंत्रपणे नोंदवा. पुढच्या वेळी तोच सगळ्यात बोलका ठरतो.

याच्याच शेजारची चूक म्हणजे भावनेलाच पुरावा मानणं : "एवढी भीती वाटतेय म्हणजे काहीतरी असणारच." (हा बघा च.) भावना खरी असते, पण ती कशाबद्दल आहे याचा तिचा अंदाज चुकू शकतो. श्वार्त्स आणि क्लोर यांनी १९८३ मध्ये लोकांना फोन करून आयुष्याबद्दल किती समाधानी आहात असं विचारलं. पावसाळी दिवशी उत्तरं खालावलेली होती. पण आधी सहज "तिकडे हवा कशी आहे?" असं विचारलं तर तो फरक गेला, कारण मरगळ कुठून आली हे लोकांच्या ध्यानात आलं. पुढे फार मोठ्या आकडेवारीत हवेचा असा परिणाम जवळजवळ दिसला नाही, तेव्हा त्या प्रयोगावर इमला बांधू नका. त्यातली युक्ती मात्र स्वस्त आहे : प्रसंगाच्या रकान्यात झोप किती तास, शेवटचं खाणं कधी, चहा किती, ही एक ओळ जोडा. शुक्रवारी ५.४० ला दुपारच्या डब्यानंतर पोटात फक्त तीन चहा असतील, तर छातीतल्या धडधडीतला काही वाटा साहेबांचा नाही.

अर्धाकप :

दोघांचे आभार. 'वाटलं' वाली चूक तर आमच्या छापील तक्त्यातच आहे, रकान्याचं नावच 'काय वाटलं?' असं आहे! पुढचा प्रश्न. समजा तळ सापडला : "माझ्याकडून चूक होताच कामा नये, झाली तर मी बिनकामाचा." त्यावर वाद घातला, एका चुकीवरून अख्ख्या माणसाची किंमत ठरत नाही हेही मान्य. आकडा ८५ वरून ६० वर येतो आणि अडतो. मग?

दगडीजिना :

मग लिहिणं पुरे. ६० च्या खालचं काम कागद करत नाही, कृती करते. समजूत टिकून असते ती माणूस तिला वाचवत असतो म्हणून. अहवाल चारदा तपासणं, पाठवण्याआधी शेजारच्याला दाखवणं, शनिवारी तीनदा मेल उघडून बघणं. दर वेळी काही वाईट घडत नाही आणि श्रेय जातं तपासणीला. चूक होऊनही माणूस उभा राहतो, हे बघायची वेळच येत नाही.

तेव्हा प्रयोग आखा. अंतर्गत टिपणीच्या मसुद्यात मुद्दाम एक निरुपद्रवी चूक ठेवायची : 'आणि' चं 'आणी' करा. रकमा, तारखा, नावं आणि बाहेर जाणारी पत्रं यांना हात लावायचा नाही. पाठवण्याआधी अंदाज लिहा, टक्क्यांत आणि दिसेल अशा शब्दांत : "किमान दोघं टोकतील, आणि एक जण तरी माझ्याशी तुटक वागेल : ७०%." 'वाईट होईल' हा अंदाज चालत नाही, तो कधीच खोटा ठरत नाही. मुदत ठरवा, दोन दिवस. मग काय दिसलं तेवढंच लिहा. कुणी टोकलं तर प्रयोग फसला असं समजू नका, उलट खरा धडा तिथेच आहे : टोकल्यानंतर पुढच्या तासाभरात नेमकं काय झालं? चहाला हाक आली की नाही? आठवड्याला एक, असे चार-पाच प्रयोग करा. एकावर थांबलं की मन त्याला अपवाद म्हणतं.

एलिस यांचे लाजेवरचे सराव याच जातीचे. भर रस्त्यात केळ्याला रिबीन बांधून कुत्र्यासारखं फिरवायला ते सांगत. आपल्याकडे वेलांटी पुरेल.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो लक्ष्य शून्य ठेवल्यामुळे. भीती शून्यावर आणायची नाहीये. मराठीत 'काळजी करणं' आणि 'काळजी घेणं' ही दोन वेगळी कामं आहेत. अहवाल एकदा नीट तपासणं ही दुसरी, चौथ्यांदा तपासणं ही पहिली. २५-३० वर आकडा राहिला आणि माणूस सोमवारी दहाला केबिनमध्ये गेला, तर काम झालं.

मृगजळ७ :

एक सावधगिरी. बाण रात्री झोपण्याआधी एकट्यानं काढू नयेत, तळाला पोचून तसंच झोपी जाणं वाईट. घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा अत्याचाराच्या आठवणी वर येत असतील, तर हे तंत्र प्रशिक्षित माणसाशिवाय वापरूच नका. तळाला "मी नसलेलाच बरा" असलं वाक्य निघालं तर तक्ता तिथेच बंद करायचा, माणसाला एकटं सोडायचं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे एलिस यांची पद्धत, मराठीतून शिकायचा असेल तर कि. मो. फडके यांच्या लेखनापासून सुरुवात करा. एलिस यांच्याशी त्यांचा कित्येक वर्षं पत्रव्यवहार होता, आणि मराठीतली ही परिभाषा बरीचशी त्यांच्यामुळे रुळली.

अर्धाकप :

नवीन तक्ता छापायला देतेय. 'काय वाटलं?' काढून दोन रकाने केले : 'भावना, एक शब्द' आणि 'मनात आलेलं वाक्य, प्रश्नचिन्ह चालणार नाही'. खाली अर्धं पान बाणांसाठी कोरं. च ला गोल करायची सूचना कुठे घालू, वर की बाणांपाशी?

दगडीजिना :

बाणांपाशी, शेवटच्या ओळीखाली. वर घातलीत तर लोक च न वापरता लिहायला शिकतील.