मांद्र्याच्या घराला वादळाआधी काय करायचं?

प्रेषक: बाबू, केटी (ह्यूस्टन)
शुक्रवार, १४ मे २०२१

मंडळी, नमस्कार.

आज अक्षय्य तृतीया म्हणून घरी फोन केला. आई म्हणाली, समुद्राची गाज आज अंगणात ऐकू येतेय आणि पंचायतीची गाडी भोंगा लावून वाड्यावरून (आमच्या वस्तीतून) फिरून गेली. लक्षद्वीपजवळचा कमी दाबाचा पट्टा उद्यापर्यंत चक्रीवादळ होईल आणि किनाऱ्याला धरून वर गुजरातकडे सरकेल, असं हवामान खातं सांगतंय.

आमचं घर पेडणे तालुक्यात, मांद्र्याला. समुद्रापासून आत आहे, पण चहूबाजूंनी माड. छप्पर कौलारू. आईबाबा दोघंच, दोघांनीही सत्तरी ओलांडलेली, बाबांना इन्सुलिन चालू. संचारबंदीमुळे बेळगावहून भाऊ येऊ शकत नाही.

२०१७ साली हार्वे वादळाच्या वेळी आम्ही घरातच राहिलो होतो. तेव्हा इथल्या मराठी मंडळाने केलेली यादी मी मराठीत लिहून बाबांना पाठवतो आहे: खिडक्यांना प्लायवूड, टबमध्ये पाणी, टॉर्च, तीन दिवसांचं खाणं, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये. माई, अण्णा, तुम्ही आता तिथेच असता. यात काय बदलू?

---

प्रेषक: माई, म्हापसा
शनिवार, १५ मे, सकाळ

बाबू,

प्लायवूडची ओळ काढून टाक. ह्यूस्टनची घरं लाकडी सांगाड्याची. खिडकी फुटून वारा आत घुसला की छप्पर आतून उचलतो, म्हणून तिथे प्लायवूड. तुझं घर चिऱ्याचं. भिंतीला काही होत नाही, होतं ते कौलांना, आणि कौलांचं वाऱ्यापेक्षा जास्त नुकसान माड करतो. तेव्हा आजचा दिवस माडांसाठी ठेव. पाडेली (माडावर चढून नारळ उतरवणारा) मिळाला तर घरावर झुकलेल्या माडांचे नारळ आणि सुकी चुडतं आजच उतरवून घ्यायला सांग. मिळाला नाही तर बाबांनी स्वतः शिडी लावायची नाही, हे त्यांना माझं नाव घेऊन सांग. माझं ते ऐकतील. अंगणातल्या कुंड्या, पत्र्याचे तुकडे, तुळशीपुढची कपडे वाळत घालायची काठी, जे जे उडेल ते पडवीत आणून ठेवायचं. पडवीवर पत्रा असेल तर त्यावर दगड ठेवून भागत नाही, तो बांधावा लागतो.

टब आपल्याकडे नसतात, पण पाण्याचं म्हणणं खरं आहे. वीज गेली की घरचा पंप बंद, आणि थोड्या वेळाने नळही बंद, कारण नळाचं पाणीसुद्धा विजेवरच चढतं. टाकी, पिंप, हंडे, कळशा सगळं आज भरून ठेवा. तुमच्या परसात विहीर आहे ना? मग दोर, कळशी आणि कप्पी जागेवर आहेत का ते आईला विचार. पंप बसवल्यापासून किती घरांतला दोर माळ्यावर जाऊन कुजलाय! पाणी विहिरीत दिसतं आणि हाताला लागत नाही, अशी पाळी येते.

खाण्याची काळजी तू करू नकोस. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस आहेत. तांदूळ, कुळीथ, सोलं, मीठ, मिरच्या आईने भरलेल्याच असणार. पावसाआधी आत घ्यायची लाकडं मात्र आजच आत घ्या.

आता इन्सुलिन. वापरात असलेली कुपी किंवा पेन ३० अंशांच्या खाली साधारण २८ दिवस चालतं. प्रकाराप्रमाणे फरक पडतो, म्हणून बाबांच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचार. न उघडलेल्या कुप्या फ्रीजमध्येच असू देत आणि फ्रीज उघडायचा नाही. बंद फ्रीज चारेक तास गार राहतो. त्यानंतर मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या डब्यात कुप्या, वर ओलं फडकं. फडकं सुकू द्यायचं नाही. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

तुझ्या यादीत तीन दिवसांचं खाणं आहे, पण मला काळजी त्याच्या पुढच्या दिवसांची आहे. २००८ च्या सप्टेंबरात आयक आलं तेव्हा मी ह्यूस्टनलाच होते. वादळ एका रात्रीत निघून गेलं. वीज यायला शहराच्या काही भागांत दोन-तीन आठवडे लागले. माणसं हाय खाऊन बसली ती तेव्हा. अंधार, उकाडा, औषधं, पाणी, आणि बातमी नाही. इथे तर तारा माडांच्या आणि फणसांच्या मधून गेलेल्या. एक झाड पडलं की अख्खा वाडा अंधारात. वादळ दुरून गेलं तरी हे होणारच, असं धरून तयारी कर.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काम तुझं आहे, आईबाबांचं नाही. तीन नंबर आजच मिळव: शेजारच्या घरचा, गाडी असलेल्या कुणाचा तरी, आणि गावातल्या डॉक्टरांचा. त्या तिघांशी तू स्वतः बोल. आईबाबांशी ठरव की उद्या सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला ते फोन चालू करतील, एक मेसेज पाठवतील आणि बंद करतील. मधल्या वेळात तू फोन लावायचा नाहीस. तुमची दुपार ही आमची मध्यरात्र. काळजीपोटी तिकडून वीस फोन येतात, म्हाताऱ्यांचा मोबाइल पहाटेपर्यंत संपतो आणि गरज लागते तेव्हा हातात काही उरत नाही.

माई

---

प्रेषक: वहिनी, पेअरलँड
शनिवार, १५ मे

माई, सगळं पटलं, तरी विचारते. त्या दोघांना आजच पणजीला एखाद्या पक्क्या हॉटेलात हलवलं तर? आणि एक छोटा जनरेटर भाड्याने मिळणार नाही का? पैशांचं आम्ही इथे पाहून घेऊ.

---

प्रेषक: माई, म्हापसा
शनिवार, १५ मे, दुपार

वहिनी, तुमच्या मनातलं कळतं. पण पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून आडोशाला बसायचं, हे मी तुमच्याच गावात शिकले. मांद्र्याचं घर पुळणीवर किंवा खाडीच्या काठी असतं तर मीच त्यांना आज उचलून आणलं असतं. ते उंचावर आहे. रीटा वादळाच्या वेळी, २००५ साली, ह्यूस्टन सोडून निघालेल्या माणसांचे रस्त्यावर कसे हाल झाले ते आपल्यातले जुने लोक विसरलेले नाहीत. शिवाय सध्या गोव्यात करोना घरोघर आहे. या वयात अनोळखी जागेतल्या चार माणसांत त्यांना नेणं मला वाऱ्यापेक्षा भीतीचं वाटतं. शेजारी स्लॅबचं घर आहे. छप्पर गेलंच तर मास्क लावून तिथे जायचं, असं बाबूने आज शेजाऱ्यांशी बोलून ठेवावं.

जनरेटर नको. चालवायची सवय नसलेल्या दोन वृद्धांच्या घरात तो पडवीत लागणार, दारं पावसासाठी बंद असणार आणि धूर आत येणार. त्या धुरातल्या वायूला वास नसतो. आयकनंतर तुमच्याकडे माणसं दगावली ती अशीसुद्धा. दोन चांगल्या बॅटऱ्या आणि एक पॉवर बँक पुरे.

---

प्रेषक: अण्णा, फोंडा
शनिवार, १५ मे, संध्याकाळ

बाबू, वाऱ्याच्या दिशेबद्दल लिहितो, कारण कुठल्या खोलीत झोपायचं ते त्यावरून ठरतं.

आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. हे वादळ आपल्या पश्चिमेला समुद्रात राहून दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणार. त्यामुळे ते खाली कर्नाटकासमोर असेल तेव्हा आपल्याला पूर्वेचा-आग्नेयेचा वारा लागेल. बरोबर समोर आलं की दक्षिणेचा, आणि वर सरकलं की समुद्रावरून नैर्ऋत्येचा. म्हणजे घराच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला जे माड, आंबे, फणस आहेत ते घराच्या अंगावर येण्याचा धोका सगळ्यात जास्त. उत्तरेकडची झाडं पडली तरी बहुधा घरापासून लांब पडतील. उत्तरेच्या खोलीत झोपा. माळ्यावर जड सामान असेल तर त्याखाली झोपू नका.

दुसरं, तिकडच्या आकड्यांशी इथले आकडे जुळवू नका. तिकडे एका मिनिटाच्या सरासरीने वारा मोजतात, आपलं हवामान खातं तीन मिनिटांच्या. इथे ताशी ६२ किलोमीटरला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव देतात, ११८ च्या पुढे अतितीव्र. तिकडचं हरिकेन, म्हणजे कॅटेगरी वन, ११९ ला सुरू होतं. काल रात्री आपल्या वादळाला तौक्ते नाव मिळालं, पण नाव मिळालं म्हणजे कॅटेगरी वन झालं असं नव्हे. मात्र भिजून भुसभुशीत झालेल्या जमिनीतला जुना फणस उपटायला त्याहून बराच कमी वारा पुरतो.

आणि तारा. तुटून पडलेल्या तारेला मेलेली समजायचं नाही, गावात वीज नसली तरी. कुणी घरात जनरेटर लावला आणि मेन स्विच तोडला नसेल तर वीज उलटी तारेत येते. वीज गेली की मेन स्विच बंद करा. सकाळी वारा पडला तरी काठीने चुडतं बाजूला सारत अंगणात हिंडायचं नाही. आधी उभं राहून वर बघायचं. दोन सरींच्या मधली शांतता फसवी असते.

---

प्रेषक: माई, म्हापसा
रविवार, १६ मे, सकाळ

मोबाइलवरून लिहिते आहे, टॉवर आहे तोवर.

पहाटेपासून वाऱ्याचा जोर भयंकर वाढला. अण्णा म्हणाले तसाच तो फिरत गेला. आमची वीज रात्रीच गेली. समोरचा गुलमोहर रस्त्यावर आडवा आहे, त्याखाली खांब वाकलाय. आम्ही ठीक.

बाबू, आठ वाजता तुझ्या आईचा मेसेज आला नाही, हे मला माहीत आहे. मलाही आलेला नाही. उत्तर गोव्यात बऱ्याच ठिकाणी नेटवर्क बसलंय. मेसेज नाही म्हणजे काही झालं, असं धरू नकोस. तू दिलेल्या तीन नंबरांपैकी शेजाऱ्यांचा अधूनमधून लागतोय. वारा कमी झाला की त्यांचा मुलगा चालत जाऊन बघून येईल. रस्त्यावर झाडं आहेत, गाडी जायची नाही. त्याला आत्ताच जा म्हणून मी आग्रह करणार नाही. तोही कुणाचा तरी मुलगा आहे.

---

प्रेषक: बाबू, केटी
शनिवार, १५ मे, रात्र (ह्यूस्टनची वेळ)

माई, मी जागा आहे. फोन लावत नाही. तुम्ही सांगितलंत म्हणूनच लावत नाही.

---

प्रेषक: माई, म्हापसा
रविवार, १६ मे, दुपार

बाबू, दोघंही सुखरूप आहेत.

शेजाऱ्यांचा मुलगा जाऊन आला. दक्षिणेचा एक माड गोठ्यावर आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर पडला. वासे मोडले, कौलं गेली, चुलीपर्यंत पाणी आलंय. आईबाबा उत्तरेच्या खोलीत होते. बाबांनी सकाळचं इन्सुलिन घेतलं आणि न्याहारी केली. मडकं आईने कालच वाळूत पुरून ठेवलं होतं. गोठ्यात गुरं नव्हती. मानकुराद आंब्यांचा सडा पडलाय. कच्चे निघाले ते आई मिठात घालते आहे आणि त्या मुलाच्या हातीही पिशवीभर दिलेत.

तू आता झोप.

---

प्रेषक: वहिनी, पेअरलँड
रविवार, १६ मे

देवा! माई, अण्णा, त्या मुलाला आमच्या सगळ्यांकडून आशीर्वाद सांगा. आमच्यापैकी आणखी कितीजणांची माणसं गोव्यात आणि कोकणात एकटी आहेत, हे मी आज इथे विचारत बसले होते आणि कुणाकडेच यादी नव्हती. ती मी करायला घेते. ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांनी गाव, शेजाऱ्याचा नंबर आणि चालू औषधं मला कळवावीत. फक्त मला, सगळ्यांना नको.

---

प्रेषक: माई, म्हापसा
बुधवार, १९ मे

वादळ सोमवारी रात्री गुजरातच्या किनाऱ्याला लागलं. तिथल्या माणसांचे जे हाल झाले ते बातम्यांत पाहिलेच असतील. आमच्याकडे म्हापशात वीज आली. मांद्र्याला तुमच्या वाड्यावर अजून नाही. वीज खात्याची माणसं रात्रंदिवस खांब उभे करताहेत. पावसात, चिखलात, तोंडाला मास्क लावून. त्यांना दोष देणाऱ्यांनी एकदा ते काम उभं राहून बघावं.

बाबू, आई विहिरीचं पाणी ओढतेय हे कळल्यावर तुला वाईट वाटलं असणार. शेजारची मुलं सकाळ-संध्याकाळ दोन-दोन कळशा काढून देतात, मी विचारलं. विहिरीत पाला पडलाय, तेव्हा पाणी उकळूनच प्यायचं. बाबांचे पाय रोज बघायला आईला सांग. मधुमेहात ओल्या अंगणात काही टोचलं तरी कळत नाही.

आता छपराचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागेल, हाताशी फार दिवस नाहीत. ताडपत्री टाकलीय ती चार दिवसांची सोय. वासे नवे लागतील, त्यासाठी सुतार पेडण्याचाच बघू. कौलं मात्र जुन्या मापाचीच हवीत. मंगळुरी कौलांत कारखान्याप्रमाणे माप बदलतं, एक जरी बसलं नाही तर तिथूनच गळतं. फुटलेल्या कौलाच्या पाठीवरचा छाप आईला वाचायला सांग आणि मला कळव. डिचोलीच्या बाजूला जुनी घरं मोडतात तिथे मिळतील, उद्या सकाळी मी विचारते.

माई