साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी होमस्कूल को-ऑप: मोठा गट की छोटा?

सकाळचं_ऊन

नमस्कार सगळ्यांना. मुलगी साडेतीन वर्षांची आहे, पहिली काही वर्षं घरीच शिकवायचं आमचं दोघांचं पक्कं ठरलंय, त्यामुळे शाळेतच घाला असा सल्ला कृपया देऊ नका. प्रश्न को-ऑपचा, म्हणजे पालकांनी मिळून चालवलेल्या मुलांच्या गटाचा आहे.

दोन गट मिळालेत. पहिला मोठा, पंचवीसेक मुलं, वयानुसार वर्ग, आठवड्यातून दोन सकाळी, ठरलेलं वेळापत्रक, सर्कल टाइम (सगळ्यांनी गोल बसून गाणी-गप्पा), अक्षरओळख, वर्कशीट्स, मुलांना सोडून पालकांनी जायचं आणि महिन्यातून तीन वेळा ड्यूटी करायची. दुसरा पाच कुटुंबांचा, मुलं दोन ते सहा वर्षांची सगळी एकत्र, बहुतेक वेळ बाहेर मोकळ्यावर, पालक तिथेच थांबतात, अभ्यासक्रम असा काही नाहीच, गोष्टी, माती, पाणी, गाणी एवढंच.

मुलगी बुजरी आहे, नव्या ठिकाणी पहिले दोन-तीन वेळा तर मांडीवरून उतरतच नाही. धाकटा नऊ महिन्यांचा, तोही सोबत असणार. मोठ्या गटात निदान काहीतरी शिकेल असं वाटतं, आणि छोट्या गटात वर्ष वाया तर जाणार नाही ना अशी धाकधूक आहे. तुम्ही निवडताना काय बघितलंत? आणि आता निवडायचं झालं तर काय बघाल?

दोन_पिल्लांची_आई

अगं, मी तीन वर्षं को-ऑपमध्ये होते, दोन वेगवेगळ्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिला गट निवडला तो वेळापत्रक बघून. कागदावर इतकं सुंदर होतं ना सगळं, दर आठवड्याचा विषय, रंग, आकार, ऋतू. तो गट पाच महिन्यांत मोडला आणि मोडला तो मोठ्या माणसांमुळे, मुलांचं काहीच बिनसलं नव्हतं. ड्यूटीला आयत्या वेळी न येणारे दोघं-तिघं होते, मग त्यांचं काम नेहमी त्याच दोघींच्या गळ्यात, त्या दमल्या, बोलल्या, वाद झाला आणि सगळं संपलं. माझा मुलगा नुकताच रुळला होता, पुढे कितीतरी दिवस तो विचारत होता आज जायचं ना म्हणून, मला अजून आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की या वयात अभ्यासक्रम निवडू नकोस, माणसं निवड. आणि माणसं कळतात ती भांडणाच्या वेळी. एक अख्खी सकाळ जाऊन बस आणि एका मुलाने दुसऱ्याला ढकललं किंवा हातातलं ओढून घेतलं की मोठे काय करतात ते बघ, कारण साडेतीन वर्षांच्या मुलांत हे तासाभरात कधीतरी होणारच. कोणी ओरडतं का, जबरदस्तीने सॉरी म्हणायला लावतं का, की खाली बसून दोघांशी बोलतं? तुझ्या मुलीला त्याच हातांत सोपवायचंय.

ड्यूटीचंही नीट विचार. महिन्यातून तीन वेळा म्हणजे त्या दिवशी धाकट्याचं काय? कडेवर बाळ घेऊन आलेलं चालेल त्यांना, की बाळ घरी ठेवून यायचं? आमच्याकडे हे आधी कोणी स्पष्ट बोललंच नाही आणि अंगावरच्या बाळांच्या आयांची फार ओढाताण झाली.

रंगीत_खडू

मी बरीच वर्षं प्रीस्कूलमध्ये शिकवलंय, आता माझी स्वतःची मुलं घरी शिकतात. वर्ष वाया जाईल ही भीती आधी मनातून काढून टाका. साडेतीन वर्षांच्या मुलाची बोटं अजून तयार होत असतात, माती मळणं, पाणी ओतणं, कागद फाडणं, मणी ओवणं हीच लिहिण्याची तयारी. ती झाली नसेल तर वर्कशीटवर मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं, हात दुखतो, आणि लिहिणं नकोसं होतं ते पुढे बरेच दिवस. गोष्टी ऐकणं, गाणी म्हणणं, मोठ्यांशी खूप बोलणं यातूनच पुढे वाचन येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या, त्यात ३-४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात निदान १८० मिनिटं हालचाल करावी आणि दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोपावं असं आहे. त्यामुळे गटाची वेळ झोपेच्या आड येत नाही ना आणि बसवून किती ठेवतात, हे दोन्ही बघाच.

बुजरेपणाबद्दल. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचं निरीक्षण मांडलं होतं, एकटं खेळणं, नुसतं बघत राहणं, शेजारी बसून आपलंआपलं खेळणं आणि मग हळूहळू मिळून खेळणं, असे प्रकार तिने सांगितले. तुमची मुलगी मांडीवर बसून बघते ना, ते बघणं म्हणजे तिचं कामच चालू आहे. तिला पुढे ढकलणारा गट नको. आई शेजारी बसेल, मग चार पावलं लांब बसेल, मग सांगून थोडा वेळ बाहेर जाईल, एवढी सवड देणारा गट हवा. न सांगता गुपचूप निघून जा असं कोणी सुचवलं तर तिथे थांबूच नका.

वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र असणं चांगलंच, लहानं मोठ्यांचं बघून भराभर शिकतात. फक्त गटात तुमच्या मुलीच्या आसपासच्या वयाचं निदान एक मूल असू दे.

घरचा_मास्तर

मी बाबा, दोन मुलं, आठवड्यातून एक दिवस को-ऑपची जबाबदारी माझी. वरचं सगळं पटलं, माझी भर थोडी रुक्ष आहे.

छोट्या गटात सगळे ओळखीचे म्हणून नियम कोणी लिहीतच नाही आणि तिथेच घोळ होतो. किती मुलांमागे किती मोठी माणसं, आजारी मूल आलं तर काय, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, शी-शूला कोण नेणार, मुलांना न्यायला कोणाकोणाला परवानगी, फोटो कुठे टाकायचे नाहीत, मधेच गट सोडला तर भरलेल्या पैशांचं काय. एक पान पुरतं पण ते हवंच. आमच्याकडे एक नियम कधीही मोडत नाही, बंद खोलीत कुठलंही एक मोठं माणूस दुसऱ्याच्या मुलासोबत एकटं नसतं. हे विचारताना संकोच वाटतो मान्य आहे, पण ज्या गटाला या प्रश्नाचा राग येतो तो गट सोडून द्यावा.

आणि अंतर. अर्ध्या तासापेक्षा जास्त लांब असेल तर नऊ महिन्यांच्या बाळासोबत ते वर्षभर निभणार नाही, सुरुवातीला उत्साहात वाटतं जमेल म्हणून.

शांत_दुपार

जरा वेगळं बोलते. या वर्षी को-ऑप हवीच का? शाळा सक्तीची होते ते वय बहुतेक देशांत पाच ते सातच्या दरम्यान असतं, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. घरात रांगणारं बाळ, बुजरी मुलगी, त्यात महिन्याला तीन ड्यूट्या. मी मोठीच्या वेळी एकाच मैत्रिणीसोबत आठवड्याचा एक वार ठरवला होता, कधी त्यांच्याकडे कधी आमच्याकडे, आणि माझ्या मुलीला तेवढं पुरलं. अर्थात मला जवळ माणसं होती. तुम्ही स्वतः दिवसभर एकट्या पडत असाल तर गट तुमच्यासाठीही लागतो आणि त्यात काहीच गैर नाही.

दोन_पिल्लांची_आई

शांत_दुपार, शेवटचं वाक्य अगदी खरं. को-ऑपची सुरुवातच तशी झालीय ना, १९१६ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बायकांनी मिळून पालकांची नर्सरी काढली, मुलांना सोबत मिळावी आणि आयांनाही थोडा मोकळा वेळ मिळावा म्हणून. शंभर वर्षं झाली तरी आयांची गरज तीच आहे.

सकाळचं_ऊन

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्हीकडे एकेक सकाळ बसून आले आणि मी घरून जे ठरवून गेले होते तसं काहीच निघालं नाही.

मोठ्या गटात मला कडकपणा वाटला होता पण तिथली एक आई रडणाऱ्या मुलाजवळ कितीतरी वेळ नुसती बसून होती, सर्कल टाइम तसाच पुढे चालू राहिला आणि कोणी घाई केली नाही. नियमही छापील होते. पण ड्यूटीला बाळ चालणार नाही म्हणाले आणि वर्कशीट्स दर वेळी असतात. छोट्या गटात वातावरण फार प्रेमाचं, पण दोन वर्षांचा एक मुलगा खेळता खेळता पार लांब गेला आणि सगळ्यांना वाटत होतं दुसरं कोणीतरी बघतंय. माझ्या पोटात गोळाच आला. मुलगी पूर्ण वेळ माझ्या गुडघ्याला टेकून उभी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर तिने विचारलं ती लाल बादलीवाली मुलगी परत येणार का.

मग मी छोट्या गटाशी सरळ बोलले की मला यायचंय पण कोणत्या वेळी कोणाचं लक्ष हे ठरलेलं हवं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, उलट त्यातल्या दोघी म्हणाल्या आम्हालाही हे कधीचं बोलायचं होतं. आता सहा आठवडे करून बघायचं ठरलंय, आठवड्यातून एकच दिवस, आणि नियमांचं पान या रविवारी सगळे मिळून लिहितोय. आजारपणाच्या नियमावर मात्र गाडी अडलीय, एकजण म्हणतात साधी सर्दी चालेल, एकजण म्हणतात अजिबात नको. घरचा_मास्तर, तुमच्याकडे काय लिहिलंय?

घरचा_मास्तर

आमच्याकडे असं आहे: ताप, उलटी, जुलाब असेल तर मूल आणायचं नाही, आणि औषध न देता पूर्ण २४ तास बरं राहिल्यावरच आणायचं. अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना दाखवून मग. नुसतं नाक वाहत असेल आणि मूल हसतंखेळतं असेल तर चालतं, पण आदल्या रात्री ग्रुपवर सांगायचं, म्हणजे ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे ते आपलं ठरवतात. ही शेवटची ओळ नक्की घाला, तुमच्याकडे नऊ महिन्यांचं आहे.