मदत हवी आहे: जखमी पक्ष्यांसाठी कॉलेजात निधी गोळा करायचाय, पैशांचा हिशोब कसा ठेवावा? (बडोदा)

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी आम्ही चौदा जण मिळून कॉलेजच्या आवारात कार्यक्रम करतोय. सेव-उसळीचा स्टॉल, चिक्की, मुलांनी काढलेल्या पक्ष्यांच्या चित्रांची कार्डं आणि संध्याकाळी गाणी. जमलेला पैसा मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांच्या उपचाराला जाईल. पैसे जमतील याची मला खात्री आहे. काळजी आहे ती ते नीट सांभाळण्याची.

गेल्या वर्षी हेच केलं होतं. क्यूआर कोड माझ्या मैत्रिणीच्या खात्याचा लावला, कारण तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. घरून येणारे मेसचे पैसेही त्याच खात्यात. रात्री बसून बेरीज केली तर ३१,४६० रुपये. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला दिले २८,०००. मधले ३,४६० टेबलं, गॅस आणि साउंडवाल्याला गेले होते, पण बिल फक्त साउंडवाल्याचं होतं. दोन दिवसांनी वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ‘बाकीचे कुठे गेले?’ तिने एक रुपयाही घेतला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. पण दाखवायला कागद नव्हता. ती आठवडाभर कॉलेजला आली नाही आणि यंदा ती आमच्यात नाही. हे मला अजून लागतं.

तरीही यंदा करायचंच आहे, कारण वासी उत्तरायणाच्या (सणाच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीच्या) सकाळी जे पाहिलं ते विसरता येत नाही. दांडिया बाजारात आमच्या घरामागच्या कडुलिंबावर एक पांढरा शराटी (वाकड्या लांब चोचीचा मोठा पक्षी) एका पंखाने लटकला होता. अग्निशमन दलाची शिडी येईपर्यंत तो मधूनमधून फडफडायचा आणि प्रत्येक वेळी दोरा आणखी आत जायचा. खाली आणल्यावर एका स्वयंसेवक दादांनी त्याचं डोकं रुमालाने झाकलं आणि छोट्या कात्रीने दोरा दोन्ही बाजूंनी कापला. जखमेत रुतलेला तुकडा मात्र त्यांनी ओढला नाही. पंखाच्या पुढच्या कडेची कातडी ब्लेडने रेघ ओढावी तशी चिरलेली होती. माझ्या बुटांच्या खोक्यात तो मावेना, शेवटी शेजारच्या काकूंनी मिक्सरचं खोकं दिलं.

तर माझे प्रश्न असे आहेत. पैसे कोणाच्या खात्यात घ्यावेत? ‘८०जीची पावती (देणगीवर आयकरात सवलत मिळवायची) मिळेल का’ असं शिक्षक विचारतात, त्यांना काय सांगू? आमच्यातल्या काही जणांना रस्त्यावरची कुत्र्याची पिल्लं स्टॉलवर आणायची आहेत, म्हणजे गर्दी थांबेल. मला ते पटत नाही, पण कारण धड मांडता येत नाही. आणि शेवटचं, आमच्या घरी बाबा अजूनही उत्तरायणाला पहाटे सहाला पतंग घेऊन धाब्यावर (गच्चीवर) असतात. सणाच्या विरोधात न जाता लोकांशी कसं बोलावं?

प्रतिसाद १

मी निवृत्त हिशोबनीस, बरीच वर्षं एका ट्रस्टची वही लिहितो आहे. पोरांनो, पहिली गोष्ट, पैसा तुमच्यापैकी कुणाच्याही खात्याला लागू देऊ नका. ज्या संस्थेला द्यायचा आहे तिच्याच खात्याचा क्यूआर लावा. आधी संस्थेकडून लेखी पत्र घ्या की अमुक कार्यक्रमासाठी आमच्या नावाने निधी घ्यायला या मुलांना परवानगी आहे. चॅरिटी कमिशनरकडचा नोंदणी क्रमांक त्या पत्रावर हवाच. तेच पत्र प्राचार्यांच्या अर्जाला जोडा, परवानगी लवकर मिळते. फोनवर स्कॅन केल्यावर संस्थेचंच नाव दिसतं ना, हे दर तासाला एकाने तपासायचं. छापील कोडवर दुसरा कागद चिकटवायला वेळ लागत नाही.

८०जीबद्दल: पावती संस्थाच देऊ शकते, तुम्ही नाही, आणि तीही तिच्याकडे ती मान्यता असेल तरच. त्यासाठी देणाऱ्याचा पॅन लागतो. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्या सवलतीत धरत नाहीत, आणि नव्या करपद्धतीत ही सवलतच नाही. उसळीचे पैसे म्हणजे देणगी नव्हे, त्याच्या बदल्यात माणसाने उसळ खाल्ली. म्हणून दोन वह्या करा, एक विक्रीची, एक निव्वळ देणगीची. शिक्षकांना आधीच स्पष्ट सांगा, नंतर वाईटपणा येत नाही.

खर्च गल्ल्यातून कधीही करू नका. गेल्या वर्षी तुमचं चुकलं ते इथे. टेबलं, गॅस, साउंड यांच्यासाठी आधीच वेगळी वर्गणी काढा किंवा कॉलेजकडून मागा. मग ‘इतके जमले, तितकेच दिले’ हे एका ओळीत सांगता येतं. पेटीला कुलूप, किल्ली शिक्षकांकडे, मोजणी सगळ्यांसमोर, आणि आकडा त्याच रात्री फळ्यावर. उसळ घरी करू नका, अन्नपरवाना असलेल्या एखाद्या दुकानवाल्याला सांगा.

प्रतिसाद २

मी उत्तरायणातल्या पक्ष्यांच्या शिबिरात काम करते. तुम्ही मांजाचा विषय घेतलात याचा आनंद झाला. एक विनंती, सगळे पैसे जानेवारीतच खर्च व्हावेत असा आग्रह संस्थेकडे धरू नका. १४ आणि १५ तारखेला स्वयंसेवक मिळतात, डॉक्टर येतात, जखमी पक्ष्यांसाठीचं सरकारचं करुणा अभियानही चालू असतं. खरा खर्च पुढे असतो. टाके घातलेला शराटी किंवा बगळा कित्येक आठवडे ठेवावा लागतो, त्याला रोज मासळी लागते, ड्रेसिंग बदलावं लागतं, सोडण्याआधी मोठ्या पिंजऱ्यात उडवून पाहावं लागतं. फेब्रुवारीत तिथे कुणी फिरकत नाही. तेव्हा दर महिन्याला थोडे द्या, आणि जाऊन पाहूनही या.

सणाबद्दल विचारलंत. आम्ही ‘पतंग उडवू नका’ असं कधीच म्हणत नाही. पक्षी पहाटे झाडावरून निघतात आणि संध्याकाळी परततात, तेवढे दोन वेळ दोरी खाली ठेवा, असं म्हणतो. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर नको. तुमचे बाबा एवढं ऐकतील. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच नायलॉन आणि इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली आहे, हे स्टॉलवर मोठ्या अक्षरात लिहा. पण काच लावलेली सुती दोरीही पंख कापते, हेही सांगा, लोक तिला निरुपद्रवी समजतात. १९६२ हा करुणा अॅम्ब्युलन्सचा नंबर प्रत्येक कार्डाच्या मागे छापा. पक्षी सापडला तर भोकं पाडलेलं खोकं, अंधार, शांतता. चोचीत पाणी ओतायचं नाही, भात भरवायचा नाही. आणि विजेच्या तारेवर अडकलेल्याला काठी लावायला जाऊ नका, कितीही जीव तुटला तरी.

प्रतिसाद ३

पिल्लं आणू नका. लस न झालेलं पिल्लू शंभर हातांतून फिरलं तर आजार त्यालाही होतो आणि त्याच्यामुळे इतरांनाही. वर स्पीकरचा आवाज. दत्तक द्यायचीच असतील तर फोटो लावा, घर बघून मग द्या. शिवाय तुमचा विषय पक्ष्यांचा आहे, तो तसाच राहू दे. त्यापेक्षा सण झाल्यावर झाडांवरची, रस्त्यावरची दोरी गोळा करायची स्पर्धा ठेवा, वजनावर. त्या गुंत्यांत पुढचे कित्येक महिने पक्षी अडकत राहतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. आज संस्थेत जाऊन पत्र आणलं, क्यूआरही त्यांचाच. प्राचार्यांच्या ऑफिसात अर्ज दिला. पिल्लांचा विषय संपला, प्रतिसाद ३ ग्रुपवर जसाच्या तसा वाचून दाखवला. दोरी गोळा करायचं सगळ्यांनाच आवडलंय, १६ तारखेपासून आठवडाभर करू, वजनकाटा एका किराणावाल्या काकांनी देऊ केलाय. बाबांना नऊ ते पाचचं सांगितलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, पहाटेचा वारा पडलेलाच असतो तसाही.

गेल्या वर्षीची वही घेऊन उद्या मैत्रिणीकडे जातेय. तुम्ही म्हणता तशा दोन वह्या यंदा तिनेच लिहाव्यात असं मला वाटतं. ती हो म्हणेल की नाही माहीत नाही.

एक शेवटची मागणी. मांजलपूर, तरसाली किंवा फतेगंजकडे कुणाकडे मिक्सर, पंखे वगैरेंची रिकामी खोकी असतील तर टाकू नका, आम्ही स्कूटरवर येऊन घेऊन जाऊ. बुटांची चालतील, पण शराटीला लहान पडतात.