मदत हवी आहे: वजनाचं दर आठवड्याचं इंजेक्शन पंधरवड्याने घेतलं तर?

नमस्कार, सांगलीहून लिहितेय. ह्यांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. वय ५२, साखर आहे, वजन ११८ होतं आणि गुडघ्यांनी पार हात टेकले होते. दिवाळीनंतर डॉक्टरांनी टिर्झेपटाइड, म्हणजे माउंजारोचं पेन सुरू केलं. चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५. दर रविवारी सकाळी, पोटावर. आता वजन १०९ आहे. परवा हे घरचा जिना न थांबता चढले तेव्हा मला रडूच आलं.

पण हळदीचे सौदे सुरू झाले तसा रविवारचा सोमवार, सोमवारचा बुधवार व्हायला लागला. ह्या पेनात दोनदा तर दहा-दहा दिवसांचं अंतर पडलं. एरवी एका भाकरीवर ताट सरकवणारा माणूस नवव्या दिवशी रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात उभा, दिवा न लावता, हातात भडंगाचा डबा. मी काही बोलले नाही, पण काळजात धस्स झालं.

आता ह्यांचं म्हणणं, एवढं उतरलंय तर पंधरवड्याला एकच घेऊ, खर्च निम्मा होईल. खर्च खरंच झेपत नाहीये, लेकीची इंजिनिअरिंगची फी पण आहे. शेजारच्या वहिनी उलटच सांगतात, डोस अर्धा करून आठवड्यातून दोनदा घ्या, मळमळत नाही.

मी वाचलं ते असं. हे औषध शरीरात साधारण ५ दिवसांत निम्मं होतं. म्हणजे एका डोसातलं दहाव्या दिवशी पाव उरतं, चौदाव्या दिवशी जेमतेम सातवा हिस्सा. डबा नवव्या दिवशीच का निघाला ते मला तेव्हा उमगलं. अशाच कामाचं दुसरं इंजेक्शन सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण ७ दिवस घेतं, जुनं लिराग्लुटाइड १३ तास, म्हणून ते रोज टोचतात. आणि २०२२ साली आलेल्या टिर्झेपटाइडच्या मोठ्या चाचणीत दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचंही ७२ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं. त्यात साखरेचे रुग्ण नव्हते, साखर असली की उतार थोडा कमी असतो. तरी मला वाटतं, ७.५ वर चढून अंतर वाढवण्यापेक्षा ५ वरच राहावं आणि रविवार चुकवू नये.

डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी आहे. कोणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून अंतर वाढवलंय का? भूक परत आली का? खंड पडल्यावर पुन्हा घेतलं तर उलट्या झाल्या का? कृपया अनुभव सांगा.

---

प्रतिसाद:

ताई, साताऱ्यात माझं मेडिकल आहे. तीन आठवडे थांबू नका, फोन करून विचारा. साखरेच्या इतर गोळ्या चालू असतील तर इंजेक्शनचं अंतर मनाने बदलणं आणखी वाईट.

डोस चुकला तर ४ दिवसांच्या आत आठवेल तेव्हा घ्यायचा. त्याहून उशीर झाला तर तो सोडून पुढच्या ठरल्या वारी. वार बदलायचा असेल तर दोन डोसांत किमान ७२ तास हवेत. बरेच डोस चुकले तर पुन्हा खालून चढायचं का, हे डॉक्टर ठरवतात, कारण पोटाची सवय मोडलेली असते. अर्धा-अर्धा करू नका, पेन पूर्ण डोस देण्यासाठीच केलेलं आहे.

आणि मुख्य म्हणजे, त्या पेनात चार डोस असतात आणि पहिल्या वापरानंतर ते ३० दिवसांतच संपवायचं असतं. पंधरवड्याने घेतलं तर तिसरा डोस जेमतेम मुदतीत बसेल, चौथ्याला ती टळलेली असेल. खर्च वाचणार कुठे? शिवाय ३० अंशांच्या वर ते ठेवायचं नाही, सांगलीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पेन कोणत्या तारखेला उघडलं ते बघा.

---

दादा, कॅलेंडरवर खूण होती. आज ३२वा दिवस, एक डोस शिल्लक आहे. ह्यांना दाखवलं, गप्प बसले. डॉक्टरांच्या कंपाउंडरला फोन लावलाय, संध्याकाळी सहाला बोलावलंय.